अण्णांचा ग्रंथ आणि आमटीतली गोळी

पत्र थोडक्यात : कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ४३ वर्षांच्या वाचक भगिनीचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील, म्हणजे अण्णा, वय ७०, निवृत्त मुख्याध्यापक. १४ वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन गोळ्यांवर बरं चाललं होतं. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टर म्हणाले, "आता इन्सुलिन सुरू करू." दुसऱ्या दिवशी अण्णांनी होत्या त्या गोळ्याही बंद केल्या. तालुक्याच्या गावच्या एका वैद्यांकडून ते महिन्याला साडेचार हजारांच्या पुड्या आणतात. "सहा महिन्यांत रोग मुळापासून जाईल" असा शब्द मिळाला आहे. सकाळी काढा, दुपारी एकदाच जेवण, पहाटे दवात अनवाणी फेरी, चहात साखरेऐवजी गूळ. वजन ६ किलोंनी उतरलं. अण्णांच्या मते चरबी झडली. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.६ होतं, ते ९.८ झालं. पुण्याचा डॉक्टर भाऊ फोनवर "हे सगळं थोतांड आहे" म्हणतो. अण्णा "पाच हजार वर्षांचं शास्त्र आहे" म्हणत कपाटातला वाग्भट, म्हणजे वाग्भटाचा जुना आयुर्वेदग्रंथ, काढतात. बाप-लेकाचं बोलणं आता बंद आहे. अण्णांच्या थोरल्या भावाला इन्सुलिन सुरू झालं आणि वर्षाच्या आत पाय काढावा लागला, हेही पत्रात ओझरतं येतं. गेले दहा दिवस ही लेक दोन्ही गोळ्या कुटून दुपारच्या आमटीत घालते आहे. तिचा प्रश्न : "आयुर्वेद खरा की ॲलोपॅथी? मी कुणाची बाजू घेऊ?"

ताई,

आधी आमटीचं बोलू. चरक-वाग्भट नंतर.

आमटीत गोळी घालणं आजपासून बंद करा. अण्णा झोपल्यावर खलबत्त्यात गोळी कुटताना तुमच्या जिवाचं काय होत असेल, ते मला कळतं. पण या दोन गोळ्या सारख्या नाहीत. एकटी मेटफॉर्मिन सहसा साखर धोक्याइतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड नेते. पोटात अन्न असो वा नसो, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि तिचा अंमल जवळजवळ दिवसभर राहतो. अण्णा जेवतात दुपारी एकदाच. म्हणजे संध्याकाळी गोळी कामावर आणि पोट रिकामं.

तुमच्या पत्राच्या चौथ्या पानावर, जणू सहज, एक वाक्य आहे : "परवा दिवेलागणीला अण्णांना दरदरून घाम सुटला, हात कापत होते, काहीतरी असंबद्ध बोलत होते. नंतर म्हणाले, विष बाहेर पडतंय." ताई, ते विष नव्हतं. साखर खाली गेली की माणूस असाच दिसतो. पुन्हा असं झालं आणि ग्लुकोमीटर हाताशी असेल तर बोट टोचून बघा. नसेल तर वाट बघू नका. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा आणि सावरले की काहीतरी खायला द्या. हाक मारून शुद्धीवर येत नसतील तर तोंडात काहीही घालू नका, सरळ गाडीत घालून दवाखाना गाठा.

दुसरी शंका त्या पुडीबद्दल. मधुमेहावरची 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकली जाणारी काही औषधं तपासली तेव्हा त्यांत ग्लिबेनक्लामाइडसारखी आधुनिक औषधं मिसळलेली सापडली आहेत, आपल्याकडे आणि परदेशातही. अण्णांच्या पुडीत तसं आहे असं मी म्हणत नाही. पुडीवर नावच नसेल तर कुणालाच काही म्हणता येत नाही, एवढंच. आत काय आहे ते ठाऊक नाही आणि त्यावर आमटीतून ग्लिमेपिराइड. असं दोन्ही डगरींवर उभं राहणं ७० वर्षांच्या माणसाला झेपत नाही.

आणि हे अण्णांना सांगावं लागेल. ते रागावतील. दोन दिवस तुमच्या हातचं जेवणारही नाहीत कदाचित. तरी सांगा : "अण्णा, मी दहा दिवस तुमच्या आमटीत गोळी घालत होते. मला भीती वाटली म्हणून. चुकले. आता नाही घालणार. पण परवाचा घाम कशाचा होता, ते दोघं मिळून शोधू या." उद्या त्यांना हे दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर डॉक्टरांवरचा विश्वास तर गेलेलाच आहे, तुमच्यावरचाही जाईल. घरात त्यांचं ऐकून घेणारं माणूस आत्ता तुम्ही एकट्याच आहात.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी ३१ वर्षं वैद्यकी करते. काढे देते, बस्ती देते, पंचकर्माच्या खोलीतला तेलाचा वास माझ्या साड्यांना कायमचा लागलाय. आणि रोज पहाटे उठल्यावर उपाशीपोटी मी थायरॉइडची गोळी घेते, गेली अकरा वर्षं. एका पेशंटच्या आईने माझ्या टेबलावर ती बाटली पाहिली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगंबाई, वैद्य असून तुम्ही हे घेता?" मी म्हटलं, माझ्या ग्रंथीने काम थांबवलंय, जे ती बनवत नाही ते मी बाहेरून घालते. यात चरकाचा कुठला अपमान झाला ते मला अजून कळलेलं नाही.

'खरा कोण' हा प्रश्न तुम्ही अण्णा आणि दादा यांच्या भांडणातून उचललाय. ग्रंथांत तो अशा रूपात येत नाही. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय की, ज्याने आरोग्य मिळतं तेच योग्य औषध आणि जो रोगातून सोडवतो तोच श्रेष्ठ वैद्य. औषध कुठल्या गावचं, कुठल्या पंथाचं, याबद्दल तिथे अवाक्षर नाही. तिथेच जवळ हेही आहे की, नीट वापरलं तर जहाल विषसुद्धा उत्तम औषध होतं आणि वाईट वापरलं तर औषधाचंच विष होतं. 'आयुर्वेदिक म्हणजे साइड इफेक्ट नाही' हे वाक्य कुणी जन्माला घातलं कोण जाणे. संहितेत तरी ते नाही.

म्हणून मला वाटतं, तुम्ही अण्णांचा ग्रंथ त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. उलट तो त्यांच्यासोबत उघडा. कारण अण्णांनी तो अर्धाच वाचलाय.

त्यांच्याकडे वाग्भट आहे ना? निदानस्थानाचा दहावा अध्याय काढायला सांगा, प्रमेहाचा, म्हणजे लघवीत बिघाड दिसणाऱ्या आजारांचा. मधुमेह त्यांतच येतो. सुरुवातीलाच कारणांची यादी आहे. नवं धान्य, दारू, पाणथळ जागच्या प्राण्यांचं मांस आणि मग एका दमात 'इक्षुगुडगोरस' : ऊस, गूळ, दूधदुभतं. पुढे 'एकस्थानासनरति', एका जागी बसून राहण्याची आवड. चरकही तेच सांगतो. त्याच्या यादीत बसण्याचं सुख, झोपेचं सुख, दही आणि 'गुडवैकृत', म्हणजे गुळाचे तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ. कोल्हापूरच्या माणसाला हे पचणं अवघड आहे, मान्य. गुऱ्हाळाचा वास नाकात घेऊन वाढलेली माणसं आपण. पण साखर सोडून गूळ धरला आणि त्याला आयुर्वेद म्हटलं, हा आपला घरगुती शोध आहे. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते, आणि संहितेने तर गुळाचं नाव घेऊनच सांगितलंय. दुपारी जेवून दोन तास ताणून देणं, रात्री वाडगाभर दही, हेही अण्णांचं चालू असेल तर तेही त्याच यादीत आहे. म्हणजे ग्रंथासाठी गोळी सोडली आणि ग्रंथाने सोडायला सांगितलं ते सगळं ठेवलं. हे त्यांना हसत हसत दाखवा. मुख्याध्यापक आहेत, पाठात काय आहे ते नाकारणार नाहीत.

आता वजनाचं. हा भाग मला जास्त काळजीचा वाटतो. चरकाने प्रमेहाचे रुग्ण दोन प्रकारचे सांगितले : एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बळ. पहिल्याचं शोधन करायचं, म्हणजे वमन-विरेचनाने शरीर मोकळं करायचं. दुसऱ्याला बृंहण, म्हणजे त्याचं पोषण करायचं. अण्णा मुळातच सडपातळ, असं तुम्ही लिहिलंय. सत्तरीच्या सडपातळ माणसाचं तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरतं आणि त्याच वेळी एचबीएवनसी ९.८ होतं, तेव्हा ती नुसती झडलेली चरबी नसते. पेशींना साखर मिळत नाही म्हणून शरीर स्वतःचे स्नायूही जाळत असतं. अशा माणसाला एकभुक्त ठेवणं आधुनिक डॉक्टरला पटणार नाही हे सोडा, चरकालाच पटणार नाही. त्या वैद्यांना हा एक प्रश्न अण्णांनी स्वतः विचारावा : "मी कृश प्रमेही की स्थूल? आणि मग मला लंघन, म्हणजे उपास, कसं?" खरा वैद्य या प्रश्नावर खूश होईल.

'मुळापासून' या शब्दाचंही तसंच. चरकाच्या चिकित्सास्थानात स्पष्ट लिहिलंय की, आईवडिलांकडून आलेला प्रमेह बरा होणारा नाही, कारण तो बीजाचा दोष. कुळात चालत आलेले विकार असाध्य म्हणतात. अण्णा आणि त्यांचे थोरले बंधू, दोघांनाही मधुमेह. आजोबांचं कुणी तपासलं नसेल, पण तुम्हीही आता चाळिशी ओलांडलीय, तेव्हा स्वतःची साखर एकदा बघून घ्या, हे जाता जाता. प्रमेहाचे वीस प्रकार सांगून त्यांतले कफाचे दहा साध्य, पित्ताचे सहा याप्य (उपचारांवर टिकणारे) आणि वाताचे चार असाध्य, असा हिशेब ग्रंथाने मांडलाय. मधुमेह हा शब्द त्या शेवटच्या चारांत येतो. ज्या ग्रंथाच्या नावाने 'मुळापासून' चा शब्द दिला गेला, त्याने स्वतः असा शब्द दिलेला नाही.

इथे एक खुलासा करते, नाहीतर दादा मला धरतील. प्रमेह म्हणजे डायबेटिस असं सरळ समीकरण नाही. लघवीत बिघाड दिसणारे कितीतरी आजार प्रमेहात येतात. आणि प्रत्येकाचा मधुमेह हटवादीच असतो असंही नाही. वजन जास्त असलेल्या, अलीकडेच निदान झालेल्या काही जणांची साखर बऱ्यापैकी वजन उतरवल्यावर औषधांशिवाय आटोक्यात राहते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत निदानाला सहा वर्षं पूर्ण न झालेले लठ्ठ रुग्ण घेतले होते. त्यांतल्या ज्यांना वजन उतरवण्याच्या आहारावर ठेवलं, ते वर्षभराने जवळजवळ निम्मे त्या अवस्थेत होते. तुमच्या ओळखीत कुणी तिशी-पस्तिशीतलं, पोट सुटलेलं, नुकतीच साखर निघालेलं असेल तर त्याला हे जरूर सांगा. १४ वर्षांच्या मधुमेहाच्या, हाडं दिसू लागलेल्या अण्णांना ते लागू नाही.

मग अण्णांना काय लागू आहे? ग्रंथाच्या यादीत मधुमेह असाध्यांत असला, तरी आजच्या औषधांमुळे 'याप्य' हा शब्द. माझ्या मते अख्ख्या संहितेतला आजच्या दवाखान्यात सगळ्यांत उपयोगी पडणारा शब्द हाच, आणि तोच आपण विसरलो. समूळ जात नाही, पण उपचार चालू आहेत तोवर माणूस सुखाने जगतो, असा आजार म्हणजे याप्य. सुश्रुताने त्याला उपमा दिलीय : 'प्रपतिष्यदिवागारं विष्कम्भः साधुयोजितः'. पडायला आलेल्या घराला नीट लावलेला टेकू. आणि उपचार थांबला तर असा रोगी लगेच नाश पावतो, हेही त्याने तिथेच सांगितलं. तुमच्याकडच्या जुन्या घरांत बघितलं असेल, तुळई वाकली की खाली सागाचा खांब उभा करतात. त्या खांबाने तुळई सरळ होत नाही. पण खांब आहे तोवर त्या घरात लग्नं होतात, बारशी होतात, पोरं अभ्यास करतात. "गोळी आयुष्यभर घ्यायची म्हणजे ती बरं करत नाही" असं अण्णा म्हणतात. हा आक्षेप टेकूवर आहे, आणि त्याचं उत्तर सुश्रुताने देऊन ठेवलंय. टेकूला ग्लिमेपिराइड म्हणा, इन्सुलिन म्हणा. त्याच्या काळी त्याच्याकडे शिलाजतु (शिलाजीत) होतं, त्याने ते लावलं.

(मेटफॉर्मिनचं मूळही एका झाडपाल्यात आहे, बरं का. युरोपात उगवणाऱ्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीतल्या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञ तिच्यापर्यंत पोचले आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या एका डॉक्टरने ती मधुमेहावर वापरल्याचं जाहीर केलं. अण्णांना चहाच्या वेळी सांगायला ठीक आहे, वादात जिंकायला नको.)

'पाच हजार वर्षं' यावर दादांशी भांडू नका. आज हातात असलेली चरकसंहिता साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची धरतात, आणि तीही एका हातची नाही. मूळ अग्निवेशाचं, संस्कार चरकाचा, आणि एकूण १२० अध्यायांपैकी ४१ अध्याय दृढबलाने नंतर पुरे केले. म्हणजे ग्रंथ दुरुस्त होत आला. नाडीपरीक्षा हा आपल्याकडे आयुर्वेदाचा चेहराच समजला जातो, पण चरकात ती नाही. ती शार्ङ्गधराच्या ग्रंथात, कित्येक शतकांनी येते. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात 'फिरंग' नावाचा नवा रोग येतो, युरोपीयांसोबत आलेला उपदंश, आणि त्यावर चोपचिनी हे बाहेरून आलेलं औषधही येतं. भावमिश्राने 'हे आपल्या शास्त्रात नाही' असं म्हणून दार लावून घेतलं नाही. आणि खुद्द अण्णांच्या वाग्भटाने ग्रंथ संपवताना, उत्तरस्थानाच्या चाळिसाव्या अध्यायात, चिमटा काढलाय : केवळ ऋषींनी लिहिलं म्हणून तुम्हाला प्रेम असेल, तर चरक-सुश्रुत सोडून भेल वगैरे ऋषींचे ग्रंथ का वाचत नाही? म्हणून चांगलं सांगितलंय ते घ्या. मी हा श्लोक पहिल्यांदा वाचला तेव्हा वर्गात एकटीच हसले होते.

दादांसाठीही थोडं. त्यांचा राग भीतीतून आलाय, आणि साखरेच्या बाबतीत ते बरोबर आहेत. पण 'थोतांड' हा शब्द अण्णांना त्या पुड्यांकडे आणखी ढकलतो, शिवाय तो खराही नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. १९५२ मध्ये त्याच मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं आणि काही वर्षं जगभर ते वापरलं गेलं. त्याने काही रुग्ण उदास होतात, हेही मग वापरातूनच कळलं. भगंदरावरच्या (फिस्टुलावरच्या) क्षारसूत्राची, म्हणजे औषधी क्षार लावलेल्या धाग्याची, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत चाचणी घेतली. १९९१ मध्ये निकाल आला : रोग उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्राने ४ टक्के, शस्त्रक्रियेने ११ टक्के. जखम भरायला मात्र क्षारसूत्राला दुप्पट वेळ. असा सगळा निकाल मला आवडतो, आपल्याला सोयीचा आणि गैरसोयीचाही. गुग्गुळाचंच बघा. मेदोरोगावरच्या जुन्या वर्णनावरून संशोधन सुरू झालं, आपल्याकडे औषधही निघालं, आणि २००३ च्या अमेरिकन चाचणीत वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी किंचित वाढलं. मी गुग्गुळ आजही वापरते, सांध्यांसाठी, पण कोलेस्टेरॉलसाठी त्यावर विसंबून राहत नाही.

आता जे तुम्ही ओझरतं लिहिलंत त्याकडे येते. काकांचा पाय.

तारखा नीट बघा. अण्णांनी गोळ्या कुठल्या दिवशी सोडल्या? वाग्भट तर कपाटात तीस वर्षं होता. गोळ्या सुटल्या 'इन्सुलिन' हा शब्द कानावर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी. मला नाही वाटत की हे भांडण आयुर्वेदाचं आणि ॲलोपॅथीचं आहे. एका माणसाने आपल्या थोरल्या भावाला एका पायाने घरी येताना पाहिलंय, आणि त्याच्या मनात सुई आणि करवत एकाच माळेत ओवलेली आहेत. काकांना इन्सुलिन बहुधा उशिरा मिळालं असणार, पायाच्या नसा आणि रक्तवाहिन्या आधीच गेल्यावर. आपल्याकडे फार घरांत असंच होतं : शेवटची पायरी म्हणून इन्सुलिन येतं आणि मग शेवटाचा दोष त्याच्या माथी बसतो. हे अण्णांना कुणी कधी समजावून सांगितलंय का? मला शंका आहे. रांगेत सत्तावीस पेशंट असताना डॉक्टर चार मिनिटांत "इन्सुलिन सुरू करू" म्हणाले असतील. वैद्यांनी तासभर बसवून घेतलं, भावाचं दुःख ऐकून घेतलं असेल. माणूस ऐकणाऱ्याकडे जातो. चरक उपचाराचे तीन प्रकार सांगतो, त्यांतला तिसरा सत्त्वावजय, मनाला सावरणं. अण्णांना आत्ता तो हवा आहे, आणि तो तुम्ही करू शकता. आधी काकांबद्दल विचारा. इन्सुलिनचं नाव त्या संध्याकाळी काढूच नका.

पुढच्या आठ दिवसांत काय करायचं, ते सांगते. अशा घरांतून मला बरीच पत्रं येतात, त्यांनाही उपयोगी पडेल.

अण्णांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, यकृताची तपासणी एकदम करून घ्या. डोळ्यांचा पडदाही बघून घ्या. अहवालाच्या दोन प्रती काढा, एक डॉक्टरांना, एक वैद्यांना. दोघांनाही एकच कागद द्या, त्यावर अण्णा जे जे पोटात घालतात ते सगळं : गोळी, काढा, चूर्ण, कारल्याचा रस, शेजारणीने दिलेली मेथीची पूडसुद्धा. कारलं-मेथी आणि साखरेची गोळी मिळून साखर जास्त उतरू शकते. ज्येष्ठमध रोज चघळलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. गुळवेल तर कोविडमध्ये लोकांनी पाण्यासारखी प्यायली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, दिसायला सारखी दुसरी वेल वापरली गेली असेल असं म्हटलं. वाद राहू द्या. यकृत आपलं आहे, तपासून घ्यायला काय हरकत?

वैद्यांकडून पुडीतल्या औषधाचं नाव लेखी मागा. वैद्य स्वतः औषध बनवून देऊ शकतात, त्यात गैर नाही, मीही देते. पण काय दिलं ते चिठ्ठीवर लिहिते. दुकानातलं असेल तर डबीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच, घटक आणि मुदत हवी. वसंतकुसुमाकर हे मधुमेहात फार वापरलं जाणारं औषध, त्यात सोन्याबरोबर नागभस्मही असतं. नाग म्हणजे शिसं. मूत्रपिंडं कशी आहेत ते न बघता सत्तरीच्या माणसाला ते महिनोन्महिने देऊ नये, हे माझं मत. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा जवळजवळ पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. हळद-आवळा मात्र बिनधास्त विचारा. प्रमेहात वाग्भटानेच त्यांना अग्रस्थान दिलंय, आणि डॉक्टरांच्या औषधाबरोबर, त्यांना सांगून, मी ते देते.

वैद्य बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेले, आहेत का आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे त्यांची नोंदणी आहे का, हेही विचारा. यात अपमान नाही. भिंतीवर 'मधुमेह समूळ नष्ट' अशी पाटी असेल, तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात मधुमेहाचं नाव आहे, तशी जाहिरात करताच येत नाही. आणि एक प्रश्न दोघांनाही, डॉक्टरांना आणि वैद्यांना : "हे लागू पडत नाहीये हे आपल्याला कधी आणि कशावरून कळेल?" आकडा आणि तारीख सांगणाऱ्यावर जास्त विश्वास ठेवा. चरकानेही गुल्म, म्हणजे पोटातली गाठ, पिकला की 'इथे धान्वंतरीयांचा अधिकार' म्हणून रोगी शल्यचिकित्सकाकडे सोपवलाय. सोपवता येणं हे वैद्याचं कसब आहे.

खरं सांगायचं तर, नव्वद टक्के घरांत माझ्याकडे येईपर्यंत फार उशीर झालेला नसतो. अण्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या किंवा इन्सुलिन घ्यावं, दोन वेळा जेवावं, गहू-तांदूळ थोडा कमी करून जव वाढवावेत ('यवप्रधानस्तु भवेत् प्रमेही', चरकाचं वाक्य, पण जव म्हणजेही धान्यच, मोजूनच), जेवणात डाळी-उसळी याव्यात, दुपारची झोप अर्ध्या तासाची करावी. एवढं झालं तर त्यांचा वाग्भटही खूश आणि दादाही.

चालणं मात्र सोडू देऊ नका. सुश्रुताने निर्धन प्रमेह्याला शंभर योजनं चालायला सांगितलंय, नाहीतर विहीर खणायला. फक्त त्यात एक शब्द आहे, तो अण्णांनी उचलला असणार : पादत्राणांशिवाय. गंमत अशी की, मधुमेह्यांच्या शरीराच्या खालच्या भागातच पिडका (गळवं) का उठतात, याचा विचार सुश्रुतानेच केलाय. पण पायाची संवेदना जाते, बाभळीचा काटा टाचेत मोडून आठवडा झाला तरी कळत नाही, हे आज आपल्याला कळलंय. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, चपलेत अडकलेला खिळा घेऊन तीन दिवस फिरलेले. मोजा रक्ताने भिजला तेव्हा सुनेला दिसलं.

तेव्हा अण्णांना बूट घ्या. संध्याकाळी दुकानात न्या, तोवर पाय थोडे सुजलेले असतात, त्या मापाचे घ्या. पुढे बोटांना जागा हवी, आत शिवण टोचायला नको. घालण्याआधी रोज उलटे करून झटकायचे. आणि रात्री झोपताना त्यांचे तळवे तुम्ही बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. काकांच्या पायाबद्दल विचारायलाही तीच वेळ बरी.